सूर लांबीत असतो

(एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना फोन आले म्हणे. काल याच मंचावर संतसाहित्य आणि आज व्हिडिओ गेम, हे काय चाललंय? तरीही त्यांनी विषय बदलला नाही, याबद्दल आधी त्यांचे आभार. (टाळ्या) अध्यक्षांनी प्रास्ताविकात ‘मुलांच्या जगातला विषय’ असं म्हटलं. अध्यक्ष महाराज, आदरपूर्वक सांगते, आज ज्या गेमबद्दल मी बोलणार आहे तो पहिल्यांदा खेळलेली मुलं आता चाळिशीला आली आहेत. त्यातली बरीच इथे बसली आहेत आणि काहींनी आपली मुलंही आणली आहेत. (हशा)

मी चित्रपटाचं संकलन शिकवते. जुनी कलाकृती नव्यानं घडवली की तिचा मूळ सूर हरवतो का, हा प्रश्न मला रोजच्या कामात पडतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. सूर चित्रात नसतो, आवाजात नसतो, कथेतही पुरता नसतो. तो लांबीत असतो. कुठली गोष्ट किती वेळ चालते आणि तिच्यानंतर किती वेळानं दुसरी येते, यावर सगळं ठरतं. चेहरे बदला, रंग बदला, सूर टिकू शकतो. लांबी बदललीत की तो गेला.

गेम कोणता, ते पाटीवर लिहिलं आहेच. ‘फायनल फँटसी सेव्हन’. 31 जानेवारी 1997, जपान, स्क्वेअर कंपनी, प्लेस्टेशन, तीन सीडी. दिग्दर्शक योशिनोरी कितासे, निर्माते हिरोनोबु साकागुची, संगीत नोबुओ उएमात्सु. रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय हे पुढच्या तीन रांगांना सांगायला नको, आणि मागच्यांना शेजारी बसलेला मुलगा सांगेल. (हशा) कथाही तुम्हाला ठाऊक आहे. मिडगार शहर, पृथ्वीची जीवनशक्ती उपसून तिची वीज करणारी शिनरा कंपनी, तिच्या अणुभट्टीसारख्या रिॲक्टरवर बॉम्ब ठेवायला निघालेली बॅरेटची टोळी, आणि पैसे घेऊन त्यांच्यासोबत आलेला क्लाउड. पुढे जाते.

रीमेकचा पहिला भाग आला 10 एप्रिल 2020 ला. दुसरा, ‘रीबर्थ’, 29 फेब्रुवारी 2024 ला. तिसरा यायचा आहे. एका गेमचे तीन गेम. माझी पहिली हरकत इथेच आहे, पण ती पैशाची नाही.

मूळ गेममध्ये मिडगार काही तासांत संपतं. ते तास तुम्ही गल्ल्या, पाइप, रेल्वेचे रूळ आणि लोखंडी पत्रे यांच्यात काढता. गरिबांच्या वस्तीवर शहराचा वरचा मजला छतासारखा टांगलेला असतो, त्यामुळे आभाळ जवळजवळ दिसतच नाही. खेळणाऱ्याला वाटतं, गेम म्हणजे हे शहर. मग एका रात्री तुम्ही पळून शहराबाहेर पडता आणि नकाशा उघडतो. मिडगार त्या नकाशावर एक डाग असतो. चारी बाजूंना मोकळं रान, वेगळं संगीत, आणि कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. आपण एवढा वेळ दाराच्या आतच होतो, हे तेव्हा कळतं. हा धक्का शुद्ध संकलनाचा आहे. शहराला दिलेले काही तास आणि जगाला दिलेले कितीतरी अधिक तास, यांच्या प्रमाणातून तो तयार होतो.

रीमेकचा पहिला भाग मिडगारच्या वेशीवर संपतो. तीस-चाळीस तास त्याच शहरात, आणि बाहेर पडलात की श्रेयनामावली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं थांबायचं. दुसऱ्या भागात जग उघडतं आणि ते सुंदर आहे, मी नाकारत नाही. पण ज्या क्षणी श्वास अडकायचा, तो क्षण दोन वेगळ्या वस्तूंच्या मधल्या फटीत पडला. तो कुठल्याच डिस्कवर नाही.

मागून चिठ्ठी आली आहे: ‘जास्त तास म्हणजे जास्त आनंद नाही का?’ (हशा) प्रश्न रास्त आहे. पूर्वी संगीत नाटकं रात्रभर चालायची. आज तीच तीन तासांत बसवतात. पदं तीच, संवाद बरेचसे तेच, तरी ज्यांनी रात्र जागवली आहे ते म्हणतात, चीज निराळी झाली. पहाटेच्या वेळी थकलेल्या कानांवर पडणारं पद आणि साडेनऊला ताज्या कानांवर पडणारं पद एक नसतं. तिथे लांबी कमी झाली, इथे वाढली. दोन्हीकडे फरक पडला तो लांबीनं.

आता हसणं आणि रडणं यांच्याकडे येते. मूळ गेममध्ये वॉल मार्केट नावाची बाजारपेठ आहे. टोळीतल्या टिफाला सोडवण्यासाठी क्लाउडला स्त्रीवेष करावा लागतो. विग मिळवण्यासाठी व्यायामशाळेत पैलवानांशी उठाबशांची पैज लावायची, झगा शिवून घ्यायचा. अगदी तमाशातल्या वगासारखा धमाल भाग. तिथून गटार, तिथून रेल्वेच्या जुन्या डब्यांचं आवार. दोन्ही मोजक्याच पडद्यांत संपतात. लगेच सातव्या विभागाचा खांब, आणि शिनरा अख्खं छत खालच्या वस्तीवर पाडते. आपल्या टोळीतली माणसं मरतात. ज्या बारमध्ये आपण बसत होतो तो नाहीसा होतो. हे सगळं एका बैठकीत घडतं. झग्यावरचं हसू ओठांवर असतानाच वस्ती चिरडली जाते.

रीमेकमध्ये वॉल मार्केटचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात नाच आहे, रोषणाई आहे, तो बघून मीही टाळ्या वाजवल्या. पण नंतर गटाराचा एक अध्याय, डब्यांच्या आवाराचा एक अध्याय, त्यात भुतं, त्यात बॉस, आणि मग कुठे खांब. हसू आणि शोक यांच्यामध्ये तासांचं अंतर पडलं. हसू विरून जातं, शोक तयारीनिशी येतो. आणि आला तरी पुरता येत नाही, कारण मूळ गेममध्ये मेलेल्यांपैकी काहीजण इथे वाचतात.

इथे मला थोडं घरचं सांगायचं आहे. आमच्याकडे प्लेस्टेशन नव्हता. भावाच्या मित्राकडे संगणक होता, आणि त्यावर 1998 मध्ये निघालेली पीसीची आवृत्ती. मुंबईहून कुणीतरी सीड्या आणल्या होत्या. उन्हाळ्याची सुट्टी, दुपारची वेळ, एका खुर्चीवर दोघं आणि मागे उभे चौघं. गेम ठरावीक ठिकाणीच सेव्ह होतो. वीज गेली की मागच्या सेव्हपासून पुन्हा. त्यामुळे उठाबशांचा भाग त्या घरातल्या आजींनाही पाठ झाला होता. (हशा) गेममध्ये पात्रांना आवाज नाही. निळ्या चौकटीत इंग्रजी वाक्यं येतात, बटण दाबलं की पुढचं वाक्य. आमच्यातल्या धाकट्यांना इंग्रजी जमेना, म्हणून आम्ही वाचायला लागलो, मग वाचतावाचता मराठीत बोलायला लागलो. बॅरेट भावाकडे. त्यानं बॅरेटला असा काही सांगलीकर केला की, ‘काय रं क्लाउड, पैशापायीच आलास न्हवं?’ (प्रचंड हशा) टिफा माझ्याकडे. फुलं विकणारी एरिथ मित्राच्या बहिणीकडे. ती फार हळू वाचायची, प्रत्येक वाक्याआधी थांबायची. खलनायक सेफिरॉथ कुणालाच नको होता, सगळे घाबरायचे. आजी पलंगावरून विचारायच्या, ‘ती फुलं विकणारी पोर आली का गं आज?’ ती आली नाही तर उठून आत जायच्या.

आणि मग एक दिवस ती पोर मेली. ज्यांना गोष्ट ठाऊक व्हायला नको असेल त्यांनी कान झाकावेत, पण गेम 1997 चा आहे. (हशा) सेफिरॉथ वरून येतो आणि प्रार्थनेत बसलेल्या एरिथला तलवारीनं मारतो. लगेच बॉसशी लढाई सुरू होते. एरवी लढाईला लढाईचं संगीत असतं. इथे उएमात्सुंनी केलेली एरिथचीच धून वाजत राहते. बटणं दाबायची, वार करायचे, आणि कानात ती धून. आमच्या पीसीवर तर खरं ध्वनिमुद्रणही नव्हतं, मिडीची बारीक, खेळण्यासारखी धून होती. तरी खोलीत कुणी बोललं नाही. मित्राच्या बहिणीनं तिची वाक्यं वाचायची म्हणून त्या सुट्टीभर तिला त्याच खुर्चीवर बसवलं होतं. आता तिला वाचायला काही उरलं नाही. ती उठली नाही, तशीच बसून राहिली. आजींनी विचारलं तेव्हा भावानं सांगितलं, ‘गेली ती.’ आजी म्हणाल्या, ‘मग उद्या येईल.’ आणि आम्ही तिघं-चौघं एकदम म्हणालो, ‘नाही येणार.’

हे मी लांबवलं, मला कळतंय. संयोजक घड्याळ दाखवताहेत. पण मुद्दा त्यातच आहे. आम्ही खेळलो ती आवृत्तीही मुळात बदललेलीच होती. संगीत पातळ झालेलं, पात्रांच्या चेहऱ्यांवर पीसीसाठी तोंडं चिकटवलेली. चित्र आणि आवाज दोन्ही मूळचे नव्हते, तरी सूर पोचला. का? कारण प्रसंगांची लांबी आणि क्रम तोच होता. आणि बहुतेक ठिकाणी वाक्य पडद्यावर किती वेळ राहायचं हे बटण दाबणारा हात ठरवत होता. एरिथच्या वाक्याआधीचा तो थांबा मित्राच्या बहिणीचा होता. खेळणारा स्वतःच संकलक होता. रीमेकमध्ये नट उत्तम बोलतात, पण थांबा त्यांचा असतो.

‘रीबर्थ’मध्ये तोच मृत्यूचा प्रसंग पाहा. तलवार अडवल्यासारखी दिसते, मग रक्त दिसतं, मग एक वास्तव की दुसरं याचा गुंता. त्यापुढे एकामागून एक लांबलचक लढाया. शेवटी क्लाउडला ती अजून दिसते आहे. मूळ गेममध्ये ती जाते तेव्हा तिच्यावर घालवलेली सगळी मेहनत तिच्यासोबत जाते. वाढवलेली लेव्हल, कमावलेलं कौशल्य, सगळं. संघाच्या यादीत तिची जागा रिकामी होते. मरणाची अशी जाणीव सिनेमा देऊ शकत नाही, ती गेमच देऊ शकतो. नव्या आवृत्तीनं ती धूसर केली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

(संयोजक: दहा मिनिटं.) हो. मग दोन गोष्टी झटपट.

पहिली सेफिरॉथची. मूळ गेममध्ये मिडगारभर तो दिसतच नाही. शिनराच्या इमारतीत रक्ताचा माग, आणि कंपनीच्या अध्यक्षांच्या पाठीत घुसलेली त्याची लांब तलवार. बस्स. भीती तयार होते ती त्याच्या न येण्यातून. रीमेकमध्ये तो दुसऱ्या अध्यायातच समोर येतो आणि येत राहतो. जाहिरातीत त्याचा चेहरा आहे, गिऱ्हाईक त्याची वाट बघतंय, हे मला समजतं. पण न दिसण्यालाही लांबी लागते, आणि ती इथे कापली.

दुसरी माझ्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर. मूळ गेममध्ये पहिला रिॲक्टर आपण उडवतो. आपण, नायक. माणसं मरतात. पुढे एक पात्र बॅरेटला त्या मेलेल्यांचा हिशोब विचारतं, आणि बॅरेटकडे चांगलं उत्तर नसतं. रीमेकमध्ये दाखवलं आहे की स्फोट एवढा मोठा झाला तो शिनरानंच घडवल्यामुळे, आणि दोष टोळीवर टाकला. नायकांच्या हातांवरचं रक्त अर्धं पुसलं गेलं. आता हा बदल लांबीचा नाही, हे समोरच्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर मला दिसतंय. (हशा) पण तो लांबीतून आला असं मी म्हणते. पाच मिनिटांचा खून प्रेक्षक पोटात घेऊन पुढे जातो. ज्या माणसांसोबत चाळीस तास राहायचं, त्यांचं वाण्याचं दुकान, त्यांची लेक, त्यांचं जेवण दाखवायचं, त्यांना खुनी ठेवणं निर्मात्यांना जड जातं. लांबी वाढली की पात्रं प्रिय करावी लागतात, आणि प्रिय करताना त्यांना निर्दोष करण्याचा मोह होतो.

रीमेक करूच नये असं मी म्हणत नाही. उलट एक चांगलं उदाहरण देते. 1981 चा ‘विझर्ड्री’ हा ॲपल टूवरचा गेम. डिजिटल एक्लिप्स या संस्थेनं त्याचा रीमेक केला, 2024 मध्ये तो पूर्ण होऊन आला. नव्या चित्रांसोबत पडद्याच्या कोपऱ्यात जुन्या ॲपल टूची चौकट चालू ठेवता येते, कारण नव्या वेषाखाली जुनाच गेम धावतो आहे. फासे तेच, मरण तेच, कठोरपणा तोच. रंग कितीही लावा, मोजमापाला हात लावला नाही, म्हणून सूर राहिला. माझं मत याहून चांगलं मी सिद्ध करू शकत नाही.

(संयोजक उभे राहतात.) शेवटचं, खरंच शेवटचं. 1997 चा गेम स्क्वेअर एनिक्स आजही विकते, आजच्या यंत्रांवर चालतो. तरुण मित्रांना माझा आग्रह आहे, रीमेक खेळा, पण आधी मूळ गेम निदान मिडगारबाहेर पडेपर्यंत खेळा. नाहीतर तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला कळणारही नाही, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्कही राहणार नाही.

आणि तिसऱ्या भागाच्या कर्त्यांकडून माझी एक अपेक्षा आहे. मूळ गेमचा शेवट ज्यांना आठवतो त्यांना आठवेल, की उल्का पृथ्वीजवळ येते, जीवनशक्ती उसळते, आणि मग नावं येतात. माणसं वाचली की नाही, हे कुणी सांगत नाही. नावांनंतर, पाचशे वर्षांनी, क्लाउडचा चार पायांचा साथीदार रेड थर्टीन आपल्या दोन पिलांना घेऊन कड्यावर येतो आणि खाली झाडांनी गिळलेलं मिडगार दिसतं. एवढंच. कुणी बोलत नाही, कुणी समजावत नाही. तिथे समजावण्याचा मोह होईल, कारण तीन गेमांचे पैसे दिलेलं गिऱ्हाईक उत्तर मागेल. तो मोह त्यांनी आवरला, तर आज मी केलेल्या निम्म्या तक्रारी मागे घेईन. नाही आवरला, तर पुढच्या उन्हाळ्यात संयोजकांनी मला पुन्हा बोलवावं आणि दोन तास द्यावेत.

(टाळ्या)