शंभरदा सांगितले म्हणून खरे होत नाही

गिरणीकामगार बंधू-भगिनींनो,

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी म्हणून एक गाव आहे. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत मुंबईत ते किती जणांना ठाऊक होते? १ सप्टेंबरला तिथे मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणाच्या मांडवाजवळ लाठ्या चालल्या. पोलीस म्हणाले, आधी दगड आले. गावकरी म्हणाले, आधी लाठी आली. पण जखमी माणसांची चित्रे घरोघरच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसली, आणि ४ सप्टेंबरला गृहमंत्री देवेंद्र फडणवीसांना क्षमा मागावी लागली. पुन्हा पुन्हा दाखवण्याची ताकद ती ही!

पण त्याच जात्यावर पुढे दुसरेच दळण सुरू झाले. 'मराठा विरुद्ध ओबीसी' हे तीन शब्द रोज रात्री कानांवर आदळू लागले. जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके उपोषणाला बसले, तेव्हा तर दोन मांडव म्हणजे जणू दोन छावण्या झाल्या. दोन्हीकडच्या शेतकऱ्याच्या कापसाला भाव काय, पोराला नोकरी कुठे, हे विचारायला सवडच उरली नाही.

आम्हाला हा खेळ नवा नाही. १९५५-५६ साली थैलीशहांची पत्रे एकच पालुपद आळवीत: मुंबई बहुभाषिक, ती महाराष्ट्राची कशी? त्याला उत्तर द्यायला आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला दैनिक 'मराठा' काढला, शाहिरांनी डफ वाजवला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

आणि आमच्या नावावर तर काय काय खपवले! 'संपाने गिरण्या मेल्या', चाळीस वर्षे हेच ऐकतो आहोत. आता नातवंडेही तेच बोलतात. संप १८ जानेवारी १९८२ चा. पण आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ चा! म्हणजे दुखणे आठ वर्षे आधीचे. जुनी यंत्रे बदलली नाहीत, कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले, आणि १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांची जमीन विकायची वाट मोकळी केली. संपाचा फटका बसला, हे खरे. पण सगळे पाप त्याच्याच माथी मारले की जमिनीचा हिशेब कुणी मागत नाही.

बंधूंनो, एका साच्यावर शंभर वार कापड निघाले म्हणून साचे शंभर होत नाहीत. एकच गोष्ट शंभर तोंडांनी ऐकू आली, तर विचारा: पहिल्यांदा बोलला कोण? पुरावा काय? आणि हे ऐकत बसल्याने कुठला प्रश्न विचारायचा राहून जातो? एवढे विचारल्याशिवाय मान डोलवू नका. आणि आपले जे खरे, ते नातवंडांना रोज सांगा!

जय महाराष्ट्र!