सर्वांत जवळची संख्या : पण कोणत्या संख्यांतली?

‘पाय’साठी २२/७ अधिक अचूक की ३.१४, असे विचारले तर पुष्कळ शिकलेली माणसे बेधडक ३.१४ म्हणतील. दशांशचिन्ह दिसले की काटेकोरपणाचा भास होतो, दुसरे काय! पायची किंमत ३.१४१५९२६… अशी चालते. २२/७ म्हणजे ३.१४२८५७…, फरक सुमारे ०.००१२६. ३.१४ चा फरक सुमारे ०.००१५९. म्हणजे ७ छेदाचा अपूर्णांक ५० छेदाच्या अपूर्णांकाहून जवळचा ठरला, कारण ३.१४ म्हणजे १५७/५०च. माझे म्हणणे असे, की ‘सर्वांत जवळची संख्या कोणती’ हा प्रश्न, ती कोणत्या संख्यांतून निवडायची हे ठरवल्याशिवाय अर्धवटच राहतो. पाय अपरिमेय आहे. कोणताही अपूर्णांक घ्या, त्याहून जवळचा दुसरा सापडतोच. छेदाला मर्यादा घातली तरच उत्तर हाती लागते.

यावर कोणी म्हणेल, छेद वाढवला की जवळीक वाढणारच, त्यात शोधायचे काय? पण तसे घडत नाही. ८ पासून ५६ पर्यंतचा कोणताही छेद घ्या, २२/७ मागे पडत नाही. ते साधते १७९/५७ ला, आणि तेही केसभराने. पुढे ११३ ला मोठी झेप आहे. पाचव्या शतकात चीनमधल्या झू चोंगझीने दिलेला ३५५/११३ हा अपूर्णांक सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतो आणि त्याला मागे टाकायला थेट १६६०४ हा छेद लागतो. त्याच शतकाच्या अखेरीस आर्यभटाने २०००० व्यासाला ६२८३२ परीघ सांगितला, आणि तो जवळपासचा आहे हेही स्वतःच नोंदवले. संक्षेप केला तर हा ३९२७/१२५० होतो; छेद एवढा मोठा, तरी ३५५/११३ त्याच्याहून सुमारे सत्तावीसपट जवळ. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ३९२७/१२५० सूक्ष्म म्हणून दिला आणि २२/७ स्थूल, व्यवहारापुरता म्हणून. दोन्ही ठेवले, हा त्यांचा शहाणपणा.

आता संगणक हाताशी असताना ही कसरत कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण यंत्रालाही कुठेतरी थांबावेच लागते. शिवाय जवळीक म्हणजे फरक किती एवढेच नव्हे, तो कोणत्या बाजूचा हेही पाहावे लागते. आर्किमिडीजने २२/७ ही पायची वरची मर्यादा असल्याचे सिद्ध केले होते. १४ मीटर व्यासाच्या गोल वाफ्याला तारेचा एक वेढा घालायचा आहे. २२/७ धरून ४४ मीटर तार आणली तर पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास उरते, ३.१४ धरून ४३.९६ मीटर आणली तर दोन सेंटिमीटरहून अधिक कमी पडते. उरलेली तार कापता येते. कमी पडलेली ताणून पुरत नाही.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना विनंती एवढीच : पाय आणि २२/७ यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह छापू नका, ‘सुमारे’ असे लिहा, आणि वरच्या दोन्ही वजाबाक्या मुलांकडून एकदा तरी करून घ्या.