आश्रयास उद्योगाची जोड

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त तिसगाव येथे दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीचा दिवस आनंदाचा खरा. परंतु जुन्या करारातील ज्युबिलीचे वर्ष हे केवळ उत्सवाचे वर्ष नव्हते, हे आपण जाणताच. त्या वर्षी अडचणीपायी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत यावी व दारिद्र्यापायी दुसऱ्याच्या दारी राबणारा मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरी जावा, असा नेम होता. म्हणजे ज्युबिलीचा संबंध प्रारंभापासूनच घर, जमीन आणि कष्ट यांच्याशी आहे. म्हणून आज घर सुटलेल्या माणसांच्या पोटापाण्याविषयी, आणि ज्या गावात ती येतात त्या गावाच्या पोटापाण्याविषयी मी चार शब्द बोलणार आहे. हे दोन प्रश्न नसून एकच आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

निर्वासित आले की गावात दोन प्रकारचे बोल ऐकू येतात. दयाळू मनुष्य म्हणतो, बिचाऱ्यांना दोन घास द्या. हिशेबी मनुष्य म्हणतो, हे आपल्या तोंडचा घास काढतील. दोघांचेही लक्ष घासावर असते. हातांकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः जो येतो तो एक तोंड आणि दोन हात घेऊन येतो.

आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाचा वृत्तांत या दृष्टीने मननीय आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ साली पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. १९४० व १९४१ साली रशियाच्या सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधील या लोकांना घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी दूरच्या प्रांतांत नेऊन टाकले होते. तेथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोहोचले. वळिवड्यास सुमारे ५,००० माणसे राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. ते आपल्याच पंथाचे ख्रिस्ती. छावणीत त्यांनी देऊळ उभारले, शाळा चालविल्या, मुलांची बालवीर पथके काढली. कोल्हापूरकरांनी त्यांना परके मानले नाही. त्या लोकांनी हा उपकार इतका ध्यानात ठेवला की, पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि २०२४ साली भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन पुष्पांजली वाहिली.

परंतु उद्योगाच्या दृष्टीने पाहता, बहुतेकांचा निर्वाह महिन्याकाठी मिळणाऱ्या भत्त्यावर होता. आसपासच्या भाजीवाल्यांना व गवळ्यांना गिऱ्हाईक मिळाले, एवढाच काय तो व्यवहार. युद्ध संपले, १९४८ पर्यंत ती माणसे निघून गेली आणि तो बाजारही संपला. यात त्यांचा दोष नव्हता. परत जाण्याची वाट पाहणारा मनुष्य कोठे मूळ धरणार?

आता त्याच भूमीवर पुढे काय घडले ते पाहा. देशाची फाळणी झाली आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून निघून आलेली कुटुंबे राहावयास आली. तेच छप्पर, तोच माळ. परंतु ही माणसे या देशाची नागरिक होती. त्यांना दुकान मांडण्यास, गाव बदलण्यास, जागा घेण्यास कोणाची परवानगी नको होती. शिवाय १९४८ साली केंद्र सरकारने निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देणारी स्वतंत्र यंत्रणाही कायद्याने उभी केली होती. वळिवड्याच्या त्या छावणीचे गांधीनगर झाले. आज कापडाच्या घाऊक व्यापाराकरिता ते सर्वत्र प्रसिद्ध आहे. लहान गावचा दुकानदार तेथून लग्नसराईचा माल भरतो. हमालाला ओझे मिळते, टेम्पोवाल्याला भाडे मिळते, शिंप्याच्या यंत्रावर काम येते. छावणी एकच, परंतु पहिल्या खेपेस तेथे आश्रय होता, दुसऱ्या खेपेस आश्रयाला उद्योगाची जोड मिळाली.

हे तत्त्व आपणांस नवे नाही. क्लौद्य कैसराने रोममधून यहुद्यांना बाहेर घातले तेव्हा अक्विला आणि त्याची पत्नी प्रिस्किल्ला ही करिंथ नगरात आली. तंबू शिवण्याची विद्या त्यांच्या हाती होती. संत पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. निर्वासितांच्या त्या घरात उपासनेच्या आधी सुईदोरा होता.

तथापि निर्वासितांना साधन दिले म्हणजे सर्व झाले, असे समजू नये. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६० नंतरच्या वर्षांत त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या बाजूस, जमिनी देऊन वसविण्यात आले. त्यांनी कष्टाने भातशेती केली. परंतु ज्या आदिवासींचे ते रान, त्यांच्या मनात आपल्या जमिनीविषयी व जंगलाविषयी सल राहिली. पाहुण्याला पाट मांडताना घरच्या माणसाचा पाट ओढून घेतला, तर पंगतीत गोडी राहत नाही.

यावर आफ्रिकेतील युगांडा देशाने एक उपाय योजला आहे. तेथे दहा लाखांहून अधिक निर्वासित आहेत. २००६ सालच्या कायद्याने त्यांना काम करण्याची व हिंडण्याफिरण्याची मोकळीक दिली; अनेकांना कसण्यास लहानसा तुकडाही मिळतो. आणि निर्वासितांसाठी येणाऱ्या साहाय्यातील सुमारे ३० टक्के भाग आसपासच्या मूळ रहिवाशांच्या शाळा, दवाखाने व पाणी यांकडे वळवावा, असा संकेत ठेवला. अडचणी तेथेही आहेत. तुकडे अपुरे पडतात, शिधा कमी होत गेला आहे. पण विहीर खणली ती दोघांसाठी, हे यजमानाला दिसले म्हणजे त्याचे मन मोठे होण्यास आधार मिळतो.

आता कोणी विचारील, तिसगावात निर्वासित कोठे आहेत? बंधूंनो, कायद्याच्या भाषेत नसतील. परंतु आपल्या पाथर्डी तालुक्यातून दिवाळीनंतर किती बैलगाड्या व ट्रक ऊसतोडीला निघतात, हे तुम्हांस मी सांगावयास नको. दुसऱ्याच्या शिवारात कोपी घालून राहावयाचे, पहाटेच्या थंडीत फडात उतरावयाचे, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत मान वर करावयाची नाही. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. पण पैसा मोजला जातो तो बहुधा नवऱ्याच्या हातावर. वर्षातील पाच-सहा महिने आपलेच लोक परमुलखात असतात. म्हणून यजमान गावाने कसे वागावे, हा प्रश्न आपणांस दोन्ही बाजूंनी विचारला जात आहे.

याच जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांनी आयुष्य वेचले. ते स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय. स्वतःच परक्या देशातून आलेले. त्यांनी ओळखले की, माणूस गाव सोडतो तो पाणी गाव सोडते म्हणून. त्यांच्या पुढाकाराने १९८९ साली भारत-जर्मन पाणलोट विकासाचे कार्य आकारास आले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणावे, झाडे लावावी, चराईबंदी गावानेच पाळावी, त्या कामाची मजुरी गावातच मिळावी आणि काही श्रम गावाने आपणहून द्यावे, अशी ती रीत. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांनी तिचे फळ पाहिले.

तेव्हा या ज्युबिलीच्या वर्षी तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली ही की, कोणतेही कुटुंब उचल घेऊन निघण्यापूर्वी तिचा हिशेब कागदावर उतरावा. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी तो लिहून द्यावा, आणि त्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव असावे. दुसरी ही की, मुले फडावर न जाता शाळेतच राहावीत. हंगामी वसतिगृह असेल तेथे त्यांना घालावे, नसेल तेथे मागे राहिलेल्या घरांनी त्यांना आपल्या ताटात बसवावे. तिसरी, आणि सर्वांत कठीण: आपल्या शेतात किंवा वीटभट्टीवर परमुलखातून माणसे येतील तेव्हा त्यांना गावच्या मजुराइतकाच दर द्यावा. परक्याला कमी दराने राबविले म्हणजे परका तर नाडला जातोच. पण दुसऱ्या दिवशी गावच्या मजुराचाही दर खाली येतो. यास्तव परक्याच्या मजुरीचे रक्षण करणे म्हणजे आपल्याच शेजाऱ्याच्या चुलीचे रक्षण करणे होय.

दिवाळी झाली की गाड्या पुन्हा जुंपल्या जातील. त्यापूर्वीच्या रविवारी उपासना आटोपल्यावर वह्या व पेन घेऊन चारपाच जणांनी देवळाच्या ओट्यावर बसावे, आणि ज्याला ज्याला जावयाचे आहे त्याच्या उचलीचा कागद लिहून द्यावा, एवढी माझी विनंती आहे.