बुधवारी उतरणारी बॅटरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातल्या संधी'. आपल्या वयाला त्या संधी जरा उशिराच्या आहेत, आणि आपल्या मुलांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी गाडीतल्या टेपबद्दल बोलणार आहे. टेप म्हणजे आताचा तो मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड डेक. कॅसेट गेली, सीडी गेली, तरी आपल्याकडे त्याला टेपच म्हणतात. बाहेरून बसवलेला टेप बिघडला तर गाण्यापेक्षा मोठं काय अडू शकतं, एवढंच सांगायचं आहे.

खर्ड्याला माझ्या धाकट्या भावाकडे एक जुनी छोटी गाडी आहे. तिला काम एकच. बुधवारी आणि शनिवारी पहाटे आप्पांना डायलिसिससाठी नगरला न्यायचं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण पहाटे गाडीत बसताना तोंडात नगरच येतं.) बाकीचे दिवस भाऊ मोटरसायकलवर फिरतो आणि गाडी दारात उभी असते. आप्पांना वाटेत भजनं ऐकता यावीत म्हणून त्याने एका दुकानातून टेप बसवून घेतला. महिनाभरात गाडी पहाटे सुरू होईना. एकदा शेजाऱ्यांची जीप मिळाली. एकदा चौघांनी ढकलून सुरू केली. एका बुधवारी काहीच मिळालं नाही, एसटीने पोहोचेपर्यंत नंबर गेला, आणि आप्पा तसेच परत आले.

त्यानंतर आप्पा म्हणायला लागले, "एक वार चुकला तर काय होतंय? कशाला त्या पोराची धावपळ." ज्यांच्या घरात डायलिसिस आहे त्यांना हे वाक्य किती भीतीचं आहे ते कळेल. वार चुकला की अंगात पाणी साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि त्याचा मार हृदयावर बसतो.

आता गाडी का लागत नाही याचे सल्ले ऐका. ११ मार्च १७९५ ला आपल्या गावाजवळ निजाम का हरला, याची जेवढी कारणं चौकात मिळतात तेवढीच याचीही मिळाली. बॅटरी गेली म्हणून नवी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी घातली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग अल्टरनेटर तपासला, तो चांगला निघाला. मग सेल्फ खोलला. कुणीतरी लिंबू-मिरचीही बांधली. या सगळ्यांत स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय तोच होता.

दिवाळीला मी चार दिवस घरी होते. माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथे एक सवय लागते. काय बिघडलं हे विचारायच्या आधी, कधी बिघडतं आणि कधी बिघडत नाही, हे विचारायचं. मी भावाला तेवढंच विचारलं. तो म्हणाला, "ताई, शनिवारी लागते, पण कण्हत लागते. बुधवारी लागतच नाही." निम्मं निदान तिथेच झालं होतं. बॅटरीला वार कळत नाही, तास कळतात. बुधवारी संध्याकाळी पाचला उभी केलेली गाडी शनिवारी पहाटे पाचला सुरू करायची म्हणजे ६० तास. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली बुधवारी पहाटे म्हणजे ८४ तास. म्हणजे गाडी बंद असताना कुणीतरी थोडा थोडा करंट पीत होतं. ६० तासांत बॅटरी निम्मी होत होती, ८४ तासांत त्याहून खाली जात होती.

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून हिशेब पुरा करते. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खोबणीत लावला, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, आणि ती केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला. किल्ली काढलेली, दारं बंद. आजच्या गाड्यांतली लहानसहान यंत्रं झोपायला वेळ घेतात, म्हणून अर्धा तास थांबले. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. आणि काम झाल्यावर मीटरची लाल पिन अँपिअरच्या खोबणीतून आठवणीने काढायची. तशीच ठेवून कुणी बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलं तर तो सरळ शॉर्ट.) मीटरवर आकडा आला ०.३ अँपिअर. ०.३ गुणिले ८४ म्हणजे पंचवीस अँपिअर-तास. पस्तिसातून पंचवीस गेले तर सेल्फ फिरवायला काय उरणार? ६० तासांचे अठरा होतात, म्हणून शनिवारी कण्हत का होईना लागत होती. नगरच्या जाण्या-येण्यात बॅटरी पुन्हा भरायची, आणि चक्र परत सुरू.

मग एकेक फ्यूज काढून पाहिला. टेपचा फ्यूज काढल्याबरोबर आकडा ०.०२ वर आला. चोर सापडला. पण टेप नवा होता आणि चांगला होता, हे मुद्दाम सांगते.

टेपच्या मागे वायरींचा झुबका असतो. त्यातल्या तीन समजल्या तरी पुरे. पिवळी वायर बॅटरीतून कायम बारा व्होल्ट घेते. घड्याळ, लावून ठेवलेली स्टेशनं, आवाजाची सेटिंग लक्षात ठेवायला तिला अगदी किरकोळ करंट लागतो. लाल वायर किल्लीशी जोडायची असते. किल्ली पहिल्या खाचेत फिरवली की तिच्यात बारा व्होल्ट येतात, आणि टेपला कळतं की आता जागं व्हायचं. किल्ली काढली की लाल मेली, टेप झोपला. काळी म्हणजे अर्थ. बाहेरच्या बहुतेक टेपांत हे रंग ठरलेले आहेत. गाडीच्या बाजूचे रंग मात्र ठरलेले नाहीत. प्रत्येक कंपनीचे वेगळे, कधी एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचेही वेगळे. सगळा घोळ इथे होतो. गाडीतली लाल ती टेपची लाल असं समजून जोडलं की फसलं. लाल-पिवळीची अदलाबदल झाली तर किल्ली काढताच टेप सगळं विसरतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं टेप खराब आहे.

आमच्या गाडीत त्याहून सोपा मार्ग निवडला होता. किल्लीची वायर शोधायला पाच मिनिटं लागतात, ती वाचवायला लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या बारा व्होल्टला जोडल्या होत्या. टेप लगेच चालला, भजन लागलं, पैसे दिले. भाऊ बटण दाबून स्क्रीन काळी करायचा आणि समजायचा की बंद झाला. आतला अँड्रॉइड बुधवारपर्यंत जागा.

दुरुस्ती तासाभराची होती. गाडीच्या कपलरमध्ये कुठल्या पिनवर किल्ली पहिल्या खाचेत नेल्यावर बारा व्होल्ट येतात आणि किल्ली काढल्यावर शून्य होतात, ते मीटरने शोधलं. लाल वायर तिथे नेली, डाग दिला, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवली. पुन्हा मोजलं, ०.०२. म्हणजे ८४ तासांत पावणेदोन अँपिअर-ताससुद्धा नाहीत.

एवढ्यात काम संपलं असतं. पण डॅशबोर्ड उघडा होता म्हणून पिवळी वायर शेवटपर्यंत बघितली. तिच्या फ्यूजच्या घरात फ्यूजच नव्हता, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळून घातली होती. आधी फ्यूज उडत असणार, म्हणून कुणीतरी हा कायमचा इलाज केला. फ्यूज का उडत होता तेही पुढे वीतभरावर दिसलं. वायर पत्र्याच्या पट्टीवर घासून तिचं आवरण अर्धं गेलं होतं. आतलं तांबं त्या पट्टीला पूर्ण टेकलं असतं तर गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. मध्ये दहा अँपिअरचा फ्यूज असेल तर तो क्षणात जातो, आणि गाणं बंद पडतं. चंदेरी असेल तर वायर तापते, तिच्याभोवती प्लास्टिक आणि फोम, आणि मागच्या सीटवर डायलिसिस करून गळून झोपलेला माणूस. बॅटरी उतरत होती म्हणून आम्ही ते उघडलं. उतरली नसती तर उघडलंच नसतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आवाजाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती तक्रार तुमच्यापैकी अनेकांची असेल. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, आणि अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर चढतो. तो अल्टरनेटरचा आवाज. पुष्कळदा कारण कच्चा अर्थ असतो, काळी वायर रंग दिलेल्या पत्र्यावर स्क्रूने दाबलेली असते. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवली की बऱ्याचदा शिट्टी थांबते. हे दुखणं टेपाइतकंच जुनं आहे. १९३० मध्ये अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटोरोला नावाने मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हाही इंजिनच्या ठिणग्यांची खरखर दाबणं हाच मोठा उद्योग होता. आणखी एक. स्पीकरची निगेटिव्ह वायर पत्र्याला जोडू देऊ नका. पूर्वी काही गाड्यांत ते चालायचं. आताच्या टेपांत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, एक पत्र्याला टेकवली तर आतली चिप जळू शकते.

आणि खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं ना, त्यावर विज्ञानाचे सर हसतील. इंजिन चालू असताना मिळतात जेमतेम साडेचौदा व्होल्ट. टेपमध्ये फ्यूज दहा अँपिअरचा. गुणाकार १४५ वॅट, आणि त्यातलेही बरेच उष्णतेत जातात. मग दोनशे वॅट सतत येणार कुठून? सरांनी आम्हाला आठवीत व्होल्ट गुणिले अँपिअर शिकवलं ते याच कामाला येतं.

टेप बसवून घेताना तुमच्या गाडीच्या मॉडेलचा जोड कपलर मागा. तो फारसा महाग नसतो, आणि मूळ वायरी कापाव्या लागत नाहीत. दुकानदार कापायचीच म्हणाला तर दुसरं दुकान बघा. काम झाल्यावर किल्ली काढा आणि स्क्रीनला हात लावा. ती उजळली तर समजा लाल-पिवळी एक केली आहे.

माझा मीटर पिशवीत आहे. जेवणानंतर ज्यांना गाडी तपासून घ्यायची आहे त्यांनी ती चिंचेखाली लावावी, आणि जेवायला बसायच्या आधीच किल्ली काढून दारं लावून ठेवावीत, म्हणजे गाडी झोपलेली सापडेल.