मुलांच्या हाती शब्द द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा दिवशी बोलावयास खरे म्हणजे एखादी शिकलेली बाई हवी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि पुढचा सारा वेळ चूल, मुले आणि गोठा यांत गेलेला. परंतु आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "सुटीत तुम्ही मुलांची नाटके बसवता ना, त्यावरच बोला." तेव्हा मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे मुलामुलांत चालणारी दांडगाई, आणि ती थोपवण्यास गाणे, सोंग, नाटक यांचा होणारा उपयोग.

दांडगाई म्हणजे नुसते भांडण नव्हे. दोन मुले सकाळी भांडतात आणि संध्याकाळी एकाच बॅटने खेळतात. त्यात थोरांनी पडू नये. पण चौघांनी मिळून एकालाच रोज गाठावयाचे, जाडा म्हणून, काळी म्हणून, जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून चिडवावयाचे, डबा लपवावयाचा, खेळात घ्यावयाचे नाही, याला छळच म्हटले पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात कोपीवरून शाळेत येणाऱ्या पोरांच्या वाट्याला तर हे फार येते. पूर्वी हा त्रास शाळेच्या फाटकाशी संपत असे. आता मोबाईलमधून तो मुलाच्या अंथरुणापर्यंत येतो.

असे काही कानावर आले की आपण आया दोनच गोष्टी सांगतो. एक, "तूही दे ठेवून." दुसरी, "लक्ष देऊ नकोस." देऊन ठेवण्याचे बळ असते तर ते पोर रडत कशाला आले असते? आणि रोज टोचणाऱ्या काट्याकडे लक्ष द्यावयाचे नाही, हे तुम्हाआम्हाला तरी जमते का? त्यातून पुष्कळ मुले सांगतच नाहीत. त्यांना लाज वाटते. पोट दुखते म्हणतात, दप्तर हरवले म्हणतात. मनात असते पण तोंडातून निघत नाही.

तोंडातून न निघणारी गोष्ट सोंग घेतले की निघते, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोदाकाठी पैठणला सोळाव्या शतकात एकनाथमहाराजांनी भारुडे रचली. त्यांत कोणी जोशी होतो, कोणी वेडी, कोणी आंधळा. आणि उघडपणे बोलले तर राग येईल अशी गोष्ट सोंगाच्या तोंडून सरळ सांगितली जाते. तमाशातला सोंगाड्या राजाचीही फजिती करतो आणि सारे गाव हसते. मुलांना नेमके हेच हवे असते.

आमच्या आळीत सहावीतला एक मुलगा होता. बोलताना अडखळे. वर्गात त्याची नक्कल होई, आणि दर सोमवारी त्याचे पोट दुखू लागले. सुटीत मुले भारूड बसवत होती, तेव्हा मी त्याला टाळ दिले आणि म्हटले, "तू नुसते ध्रुपद म्हण." त्याने ते न अडखळता म्हटले. पुढे मला कळले की अडखळणारी पुष्कळ माणसे गाताना अडखळत नाहीत. पंधरा दिवसांनी तो पुढे उभा राहून म्हणत होता. यामुळे त्याचे अडखळणे गेले असे नाही. चिडवणेही एकदम थांबले नाही. पण त्याच्याबरोबर भारुडात असलेली दोन मुले शाळेत त्याच्या बाजूने बोलू लागली, आणि तो सोमवारी शाळेत जाऊ लागला. मला एवढे पुरे होते.

त्यानंतर माझ्या मुलीने मला ब्राझील देशातल्या ऑगुस्तो बोआल या नाटकवाल्या गृहस्थांची पद्धत वाचून दाखवली. ते २००९ साली वारले. आपल्या देशात पश्चिम बंगालमधील 'जन संस्कृती' ही १९८५ साली स्थापन झालेली मंडळी खेड्यापाड्यांत त्यांच्या पद्धतीने नाटके करीत आली आहेत. पद्धत सोपी आहे. छळाचा एक लहानसा प्रसंग करून दाखवावयाचा, शेवट वाईटच ठेवावयाचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करावयाचा. पाहणाऱ्यांपैकी कोणीही "थांबा" म्हणावे, सोसणाऱ्याच्या जागी उभे राहावे आणि आपण काय केले असते ते करून दाखवावे. समोरच्याने सहजासहजी हार मानावयाची नाही. एक जण मारावयास जातो, मग मारामारी वाढते हे सर्वांना दिसते. दुसरी मोठ्याने म्हणते, "माझा डबा दे," आणि जागची हलत नाही. तिसरा जाऊन बाईंना बोलावतो. कोणता उपाय चालला, कोणता फसला, यावर मुले आपसांत वाद घालतात. भाकरी जशी थापून थापून हाताला येते, तसे हे शब्द म्हणून म्हणून तोंडात बसतात, आणि खरी वेळ आली की सापडतात.

यात माझ्या मते सर्वांत मोठा लाभ पाहणाऱ्यांचा आहे. छळणारा एक, सोसणारा एक, आणि बघे वीस असतात. बघे हसले की छळणाऱ्याला जोर चढतो. नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा 'फँड्री' हा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळींनी पाहिला असेल. डुकरे पकडावयास लावलेल्या जब्याला सारे गाव हसते, वर्गातली मुलेही हसतात, आणि अखेरीस त्याच्या हाती दगड येतो. तो दगड पडद्यातून आपल्याच अंगावर येतो, कारण आपणही बसून बघतच होतो. पोराच्या हाती दगड येण्याआधी शब्द आले पाहिजेत, आणि हसणाऱ्यांतल्या एकाने तरी उठून त्याच्या शेजारी उभे राहिले पाहिजे.

शब्दांचे बळ वयावर नसते. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीने आपल्या लोकांना सोसाव्या लागणाऱ्या छळावर निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. हे पत्र १८४२ साली आपल्या नगरलाच सुरू झाले होते. त्या काळी त्या मुलीने लिहिले, तर आपल्या मुलींनी वहीच्या दोन पानांना का भ्यावे? अलीकडे ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. तेथे वस्तीतली मुले स्वतःच्या जगण्यावरच्या नाटिका स्वतः बसवून करू लागली. मतकरी २०२० साली गेले, पण त्यांनी दाखवलेली वाट आपल्याला मोकळी आहे.

आता थोडी काळजीची गोष्ट. नाटकात खरी नावे कधी घेऊ नयेत. ज्या मुलाने सोसले आहे, त्याला त्याचेच काम करावयास लावू नये. त्याला हवे तर पडदा ओढू द्या, हवे तर सोंगाड्या होऊ द्या. सांगणाऱ्या मुलाला चारचौघांत खोदून खोदून विचारू नये. दांडगाई करणारे पोरही बाहेर ठेवू नये. त्याला एकदा सोसणाऱ्याच्या जागी उभे करावे, मात्र त्याची फजिती करू नये, कारण तेही आपल्याच कोणाचे तरी लेकरू असते.

आणि नाटकाने सारे भागते असे समजू नका. मार, धमकी किंवा अंगचटीला जाणे असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा. मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, तो फुकट लागतो. आपली मुले इथल्या कृषी विद्यापीठात, नगरला, पुण्याला वसतिगृहात राहतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९९९ सालापासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे त्यांना घर सोडण्यापूर्वीच सांगून ठेवा.

भगिनींनो, यासाठी पैसा लागत नाही. एक ओटा, एक जुने लुगडे पडद्याला, टाळ, ढोलकी, आणि आठवड्यातून एक तास एवढे पुरे. माझी मंडळाला विनंती आहे की येत्या सुटीत प्रत्येक आळीत एकीने दहा मुले गोळा करावीत. कोपीवरची पोरे असतील तर त्यांना आधी बोलवावे. पुढल्या वर्धापनदिनी येथे माझ्याऐवजी ती मुले उभी राहून बोलावीत, अशी माझी इच्छा आहे.