लहान मंडळांतील निरनिराळीं माणसें
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



लहान अभ्यासमंडळें कशीं चालवावीं, याविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आपल्या वसईपट्टींत एकाच धर्मग्रामांत सामवेदी, वाडवळी, कोळी बोली आणि मंगळूरकडील कोंकणीही कानीं पडते. कोणी पदवीधर, तर कोणी दोनच इयत्ता शिकलेला. अशीं दहा माणसें एका ओटीवर बसलीं म्हणजे मंडळ झालें, असें आपण समजतों. परंतु बहुधा होतें असें कीं, ज्यांस पुस्तकी मराठी सफाईनें बोलतां येतें ते दोघेतिघे बोलतात, आणि बाकीचे माना डोलावून घरीं जातात. पुढें ते येईनासे होतात.

ही अडचण आपलीच नव्हे. अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत ऑस्टिन शहरीं इ. स. १९७१ मध्यें गोऱ्या, काळ्या व मेक्सिकन वंशाच्या मुलांस प्रथमच एका वर्गांत बसविण्यांत आलें. वर्गांत भीति, संशय आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. तेथील विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांस पाचारण झालें. ते व त्यांचे विद्यार्थी वर्गांत बसून पाहूं लागले, तों त्यांस दिसलें कीं, मास्तरांनीं प्रश्न विचारतांच हात वर करण्याची चढाओढ लागते, आणि एकाचें उत्तर चुकलें कीं दुसऱ्यास आनंद होतो. अशा वर्गांत ज्याची जीभ अडखळते तो गप्प राहण्यांतच शहाणपण मानतो.

त्यांनीं उपदेश केला नाहीं. कामाची मांडणी बदलली. पांचसहा मुलांचीं मिश्र मंडळें केलीं. जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचे तुकडे करून प्रत्येकास एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र सगळ्या चरित्रावर! एकच तुकडा मिळालेलीं निरनिराळ्या मंडळांतील मुलें आधीं एकत्र बसून तयारी करीत, मग आपापल्या मंडळांत परतून तो भाग सोबत्यांस शिकवीत. एका मंडळांत स्पॅनिश घरभाषा असलेला मुलगा अडखळूं लागला, तेव्हां सोबत्यांनीं त्याची थट्टा केली. देखरेख करणारांनीं न रागावतां एवढेंच सांगितलें कीं, थट्टा खुशाल करा, पण त्याच्याजवळचा भाग तुम्हांस दुसरीकडे मिळणार नाहीं आणि परीक्षा जवळ आली आहे. कांहीं दिवसांत तींच मुलें त्यास नीट प्रश्न विचारूं लागलीं, आणि त्यास बरेंच समजतें असें त्यांच्या ध्यानीं आलें. पुढील तुलनेंत अशा वर्गांतील अल्पसंख्य मुलांचे गुण नेहमींच्या वर्गांतील तशाच मुलांहून अधिक आढळले. गोऱ्या मुलांचे कमी झाले नाहींत.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. ‘हा कानानें शिकणारा, ती डोळ्यांनीं शिकणारी’ अशा पाट्या माणसांस लावण्याची एक टूम शिक्षकवर्गांत आहे. इ. स. २००८ मध्यें हॅरल्ड पॅशलर व त्यांचे तीन सहकारी यांनीं या मताचा पुरावा तपासला. माणसांच्या आवडी भिन्न असतात हें खरें. परंतु त्या आवडींस जुळवून शिकविल्यानें शिक्षण अधिक चांगलें होतें, यास पुरेसा आधार त्यांस आढळला नाहीं. आम्हांस वाटतें, रीत ठरते ती विषयावरून. ओवी ऐकावयाची व म्हणावयाची. म्हणून फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या क्रिस्तपुराणाची गोडी कानानेंच कळते. जाळें विणणें हातानें, नकाशा डोळ्यांनीं, मग शिकणारा कोणी कां असेना! तेव्हां ‘ती कोळीण, तिला वाचन झेपणार नाहीं’ असें परभारें ठरवूं नये. तिलाच विचारावें.

पुढील बैठकीचा उतारा पांच भागांत वाटून चार दिवस आधीं घरोघर पोहोंचवावा. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास कोणी वाचून दाखवावा. सांगतांना त्यानें तो आपल्या बोलींत सांगावा. पुढाऱ्यानें स्वतःजवळ एकही भाग ठेवूं नये (बोलक्या पुढाऱ्यास हेंच सर्वांत जड जातें, हें आम्ही जाणतों). पावसापाण्यांत कोणीतरी गैरहजर राहणारच. म्हणून प्रत्येक भाग दोघांस द्यावा, एक वाडींतला तर दुसरा कोळीवाड्यांतला, म्हणजे तयारीसाठीं त्यांस बैठकीआधींच एकमेकांच्या दारीं जावें लागेल.