जनावर गरीब आहे



बैलबाजारात एक वाक्य दर दहा पावलांवर कानी पडतं : “जनावर गरीब आहे हो!” विकणारा हे बोलता बोलता बैलाच्या पोटाखाली हात घालतो, शेपटी उचलतो, शिंगं धरून मान हलवतो. घेणाऱ्यानं दात बघितलेले असतात. दोनदाती, चारदाती की जुळलेला, ते कळलेलं असतं. तरी सौदा अडतो तो या शब्दापाशी. मग दावं एखाद्या आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हाती देतात. पोर पुढे, बैल मागे. तेवढी चार पावलं पाहिली की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

इथल्या ‘गरीब’चा पैशाशी संबंध नाही. उलट गरीब जनावराला चार पैसे जास्तच मिळतात. ‘पाळीव’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण मांजर पाळीव असून तिला कुणी गरीब म्हणणार नाही. हरणाचं पाडस हळूहळू माणसाळतं. माणसाळणं ही घडत जाणारी गोष्ट. गरीब हा मात्र स्वभाव, आणि त्याचा विरुद्ध शब्द श्रीमंत नव्हे, ‘मारका’. मारका बैलसुद्धा पाळीवच असतो, त्याच दावणीला बांधलेला असतो.

‘गरीब’ हा शब्द मुळात अरबी. त्याच्या धातूत दूर निघून जाणं आहे, सूर्याचं मावळणं आहे. त्यातूनच ‘मगरिब’, म्हणजे पश्चिम, आणि सूर्यास्तानंतरची नमाज. मोरोक्कोचं अरबी नावही अल-मगरिब. तेव्हा गरीब म्हणजे आपलं ठिकाण सोडून आलेला, परका. परका म्हणून विचित्रही. हिंदीतल्या ‘अजीबोगरीब’मध्ये हा अर्थ अजून टिकून आहे. ‘गुरबत’ म्हणजे फारसीत परमुलखातलं राहणं, आणि उर्दूत दारिद्र्यसुद्धा.

परका आणि दरिद्री एका शब्दात कसे आले, हे मला तरी उघड दिसतं. तिन्हीसांजेला अनोळखी गावात शिरलेल्या माणसाजवळ दिडक्या असतीलही, पण त्याच्या बाजूनं बोलणारं तिथे कुणी नसतं. तो आवाज खाली ठेवतो, ओसरीच्या कडेला बसतो, मिळेल ते खातो. फारसीच्या वाटेनं शब्द आपल्याकडे आला तो ही खाली घातलेली मान घेऊनच, आणि आपण तो गाईला दिला.

लग्न जमवताना “मुलगी अगदी गरीब गाय आहे” असं आपण कौतुकानं म्हणत आलो. मला ते ऐकवत नाही. परक्या घरात पाऊल टाकणाऱ्या मुलीच्या गप्प राहण्याला आपण तिचा स्वभाव ठरवून टाकतो.

आमच्या घरी एकदा बाजारातून गाय आणली. तीन दिवस तिनं वैरणीला नीट तोंड लावलं नाही. दावं ताणून, आली त्या रस्त्याकडे तोंड करून उभी असायची. कुणीही जवळ जावं, कासेला हात लावावा, ती हलत नसे. आजी म्हणायची, “गरीब आहे गं बाई!” आजीला अरबी कुठलं ठाऊक, पण शब्द दोन्ही अर्थांनी बरोबर होता. आठवड्यानं गाय आजीचा पदर चाटायला लागली. पंधरवड्यानं शेजारचं कुत्रं गोठ्यात आलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा त्याच्यावर शिंगं रोखली. आजी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “आता रुळली.”